झडतीत सापडलं : चिंचा, बोरकूट, एक दगड

सोमवार, सकाळचे सात वाजून बारा मिनिटं. अंबरनाथमध्ये बुवापाड्याच्या वळणावर एक मराठी प्राथमिक शाळा. गेट बंद. गेटबाहेर रस्त्याच्या कडेला गणवेशातली चौदा मुलं रांगेत उभी. हाताची घडी, तोंडावर बोट.

मी स्कूटर थांबवली आणि रांगेतल्या पहिल्या मुलाला विचारलं, "काय रे, काय झालं?"

त्याने ओठावरचं बोट काढलं, "बोलायचं नाय" एवढं सांगितलं आणि बोट परत जागेवर ठेवलं.

गेटच्या आत शाळेचे शिपाई काशिनाथ उभे होते. पोरं त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. ते म्हणाले, "मॅडम, सात दहाला गेट बंद. नवीन नियम हाय. लेट आला तर प्रार्थना संपेपर्यंत बाहेर."

मी तिथेच थांबले. थोड्या वेळाने रिक्षा आली आणि मुख्याध्यापिका उतरल्या. शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. माझ्या घड्याळात सात सव्वीस झाले होते. मामांनी कुलूप काढलं, मोठ्या बाई आत गेल्या, मामांनी कुलूप लावलं.

रांगेतल्या त्याच मुलाने पुन्हा बोट काढलं. "मामा, आता त्या कुठे उभ्या राहणार?"

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या बातम्या लिहिण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. पाणी, रस्ते, पडलेले स्लॅब, शाळा. पेपरात जागा असते सहा ओळींची आणि माणसं बोलतात सहा पानं. उरलेलं डायरीत जातं. या एका शाळेपायी माझी अख्खी डायरी भरली. शाळेचं नाव मी इथे लिहीत नाही, आणि ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिचंही नाव बदललंय, कारण ती अजून तिथेच शिकते. हसू आलं तर हसा. सुरुवातीला मीही हसले होते. ती माझी चूक होती, तीही पुढे सांगते.

*

शिस्तीचं हे सगळं सुरू झालं ते संस्थेच्या सचिवांपासून. सचिवसाहेब कुठल्याशा शिबिराला गेले आणि परत आले ते शिस्त घेऊनच! एकवीस नियम छापले आणि वर्गावर्गात लावले. नियम मोडला की रजिस्टरात शेरा. तीन शेरे झाले की पालकांना बोलावणार. पाच झाले की शाळा सोडल्याचा दाखला हातात.

मी ते रजिस्टर बघायला मागितलं. जाडजूड, कापडी पुठ्ठ्याचं. उघडलं तर रकाने असे : वेळ. नाव. खाते. शिफ्ट. झडतीत काय सापडले. शेरा. अधिकाऱ्याची सही.

"साहेब, हे कसलं रजिस्टर?"

"शिस्तीचं!"

"झडती?"

"शब्दाला काय धरून बसता मॅडम! भावना बघा!"

भावनेचा पत्ता मला उल्हासनगर कॅम्प एकमध्ये लागला. तिथल्या स्टेशनरीवाल्या लछूशेठने माझ्या मोबाइलमधलं रजिस्टरचं पान बघताक्षणी ओळखलं. "अरे साईं, ये तो मेरा माल है! एमआयडीसीतल्या कंपनीने गेटवरच्या वॉचमनसाठी छापून घेतलं, आणि कंपनीच बंद झाली. गठ्ठा पडून होता. सचिवसाहेब बोलले, शिस्तीला पाहिजे. मी बोललो, ले जाओ!"

"पण शेठ, ही शाळा आहे. सहा वर्षांची पोरं आहेत."

लछूशेठने चष्मा वर केला. "मॅडम, हजेरीचं रजिस्टर दोन साल चालतं. शिस्तीचं तीन महिन्यांत भरतं. धंदा किसमें है, आपही बोलो!"

*

रकाना छापलेला आहे म्हटल्यावर तो रिकामा कसा ठेवायचा? शिक्षकच ते! रकाने भरायची त्यांना सवय. मग वेळ : आठ वीस. नाव : अमुक. खाते : दुसरी अ. शिफ्ट : पहिली. झडतीत काय सापडले : चिंचा, अर्धी पुडी बोरकूट, एक मेलेला भुंगा.

त्या भुंग्यावरून पुढे रामायण झालं. भुंगा ज्याच्या दप्तरात सापडला तो मुलगा वेगळा आणि शेरा पडला शेजाऱ्याच्या नावावर. शेजाऱ्याची आई शाळेत येऊन भांडली. मोठ्या बाईंनी नियमांचा कागद काढला. नियम क्रमांक एकोणीस : ज्याने नोंद केली, त्यानेच ती खोडावी. नोंद करणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या.

"म्हणजे माझ्या पोराच्या नावावर सहा महिने भुंगा राहणार?" आईने विचारलं.

"नियम सगळ्यांना सारखा," मोठ्या बाई म्हणाल्या.

हा एकोणीस नंबरचा नियम लक्षात ठेवा.

*

पालकसभा झाली. पालक पोरांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लागलेले. सचिवसाहेबांनी एकवीसच्या एकवीस नियम वाचून दाखवले. धावू नये. वर्गात इकडेतिकडे बघू नये. परवानगीशिवाय जागेवरून उठू नये. परवानगीशिवाय बोलू नये. पाण्याला आणि संडासला विचारून जावे.

मागच्या बाकावरून बुवापाड्यातली एक बाई उठली. "साहेब, संडासला विचारून जायचं, बरोबर. पण संडासला कुलूप असतं. ते कुणाला विचारायचं?"

सचिवसाहेबांनी कागद उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "तो विषय आजच्या अजेंड्यावर नाही."

ती बाई खाली बसली नाही. "मग माझी पोरगी अजेंड्याची वाट बघत थांबवू काय?"

सांगायला बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी कुलूप निघालं. शिस्तीमुळे त्या शाळेत काही सुधारलं असेल तर एवढंच, आणि तेही बेशिस्त बाईमुळे.

*

महिन्याला सगळ्यात कमी शेरे पडतील त्या वर्गाला 'आदर्श वर्ग'चा फलक मिळायचा. पहिल्या महिन्यात मिळाला पहिली ब या वर्गाला. दुसऱ्या महिन्यात पुन्हा पहिली ब. सचिवसाहेबांनी मला फोन केला, "मॅडम, नुसत्या वाईटच बातम्या लिहू नका. फोटोग्राफर घेऊन या!"

गेले. साठ पोरं, एकही शेरा नाही. मी म्हटलं, या वर्गाच्या बाईंना भेटू द्या, त्यांचा फोटो हवा.

मामा माझ्या कानाशी वाकले. "बाई दोन महिने मतदारयाद्यांच्या ड्युटीवर हायत. शेरे लिहायला हाय कोण?"

*

आता रोशनी. तिसरी ब, तिसरी रांग, दुसरा बाक. आईवडील बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या वाडीवरचे. वाडीतली शाळा चौथीला संपते, पुढच्या शाळेला रोजची लांब पायपीट. पोरीने सलग शिकावं म्हणून बाप खाली उतरला आणि बुवापाड्यात खोली घेऊन राहिला. बापाचं नाव बाळू, काम गवंड्याचं. जुन्या इमारतींचा सुटलेला गिलावा काढायचा आणि नवा करायचा, यात त्याचा हात बसलेला. उल्हासनगरात अशा कामाला तोटा नाही.

रोशनीच्या नावावर पहिला शेरा पडला : वर्गात वर बघते.

दुसरा : सूचना देऊनही वर बघते.

तिसरा : सतत वर बघते.

तीन झाले, बाळूला बोलावणं गेलं. तो खाडा करून आला. मामा दारातच उभे होते, पुढचं त्यांच्या तोंडून ऐकलेलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी वर्गात सारखी वर बघते."

बाळूने मान वर केली आणि ऑफिसचं छत बघितलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नीट बघितलं.

"अहो, तुम्हीसुद्धा!" मोठ्या बाई ओरडल्या.

"बाई, गिलावा सुटलाय," बाळू म्हणाला. "हितला बी सुटलाय. पोरगी घरी बोलली व्हती, वर्गातला फुगलाय म्हणून. काठी हाय का एखादी? ठोकून बघतो. पोकळ वाजला का समजायचं."

"विषय बदलू नका."

"बाई, विषय त्योच हाय ना!"

काठी काही मिळाली नाही. मिळाला एक कागद. त्यावर लिहिलेलं, 'माझी मुलगी यापुढे वर्गात वर बघणार नाही, याची मी हमी देतो.' सही केली नाही तर चौथ्या-पाचव्या शेऱ्याला वेळ लागणार नाही, हेही सांगितलं. पोरीची शाळा जाते म्हटल्यावर बाळूने सही केली. पंचवीस वर्षांत मी हमीपत्रं ढिगाने वाचली. छताकडे न बघण्याचं हमीपत्र हे पहिलंच.

*

आता माझी चूक. हे हमीपत्र वाचून मला हसू आलं आणि मी चौकट लिहिली. झडतीचं रजिस्टर, चिंचा, भुंगा, हमीपत्र. सहा ओळी. लोकांनी वाचली, हसले, व्हॉट्सॲपवर फिरवली. छत फुगलंय ही ओळ मी लिहिली नाही. मी स्वतः छत बघितलं नव्हतं, आणि न बघता लिहायचं नाही ही आमची शिस्त! मग बघायला गेले, तर मोठ्या बाईंनी वर्गात जाऊ दिलं नाही. नियम क्रमांक आठ : शाळेच्या वेळेत बाहेरच्यांना प्रवेश नाही.

लेखी अर्ज घेऊन शिक्षण विभागाकडे गेले. ते म्हणाले, शाळेला विचारा. शाळा म्हणाली, संस्थेला विचारा. सचिवसाहेब म्हणाले, "शिक्षण विभागाची तक्रार आहे का? नाही ना? मग!"

जाता जाता मी त्यांना कायद्याची आठवण करून दिली. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही.

"काढतोय कोण?" सचिवसाहेब म्हणाले. "आम्ही फक्त दाखला देतो!"

*

चौकटीचा परिणाम झाला मात्र. तपासणीला अधिकारी येणार असं कळलं आणि शाळेने रंगारी बोलावला. भिंती पिवळ्या, छत पांढरं. रोशनी बघायची तो फुगलेला गिलावा, त्यातल्या केसासारख्या भेगा, सगळं रंगाखाली गेलं.

अधिकारी तिसरी ब या वर्गात आले. चाळीस पोरं, हाताची घडी, तोंडावर बोट. "वा! काय शांत वर्ग आहे! मुलांनो, काही अडचण आहे का?"

रोशनीने हात वर केला. अधिकाऱ्यांनी मान हलवली. तिला परवानगीशिवाय बोलायचं नव्हतं आणि 'बोल' असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणून तिने बोट सरळ छताकडे धरलं.

"शाबास!" अधिकारी म्हणाले. "ध्येय असंच उंच ठेवायचं! बस खाली."

टाळ्या झाल्या. वर्गशिक्षिका शिंदेबाई, कंत्राटावरची तरुण पोरगी, तिनेही वाजवल्या. "मॅडम, माझी ऑर्डर दर वर्षी नवी निघते," असं तिने मला नंतर सांगितलं.

*

तपासणीनंतर आठवड्याने झडतीत रोशनीच्या कंपासपेटीत एक तुकडा सापडला. तळहाताएवढा, करडा, एका बाजूने पांढरा. सकाळी तिला तो स्वतःच्या बाकावर पडलेला मिळाला होता. बापाला दाखवायचा म्हणून तिने ठेवला.

नोंद अशी : झडतीत काय सापडले : दगड. शेरा : शाळेत दगड बाळगते. चौथा.

मी तिला संध्याकाळी तिच्या घरी भेटले. आई भाकऱ्या थापत होती, बाळू कामावरून यायचा होता. मी विचारलं, "तू बाईंना सांगितलं नाहीस, तो दगड नव्हता म्हणून?"

"सांगितलं ना. बाई बोलल्या, उलट बोलू नकोस."

"मग आता?"

"आता मी मान वर नाय करत." तिने करून दाखवलं. मान सरळ, हात बाकावर ठेवल्यासारखे, डोळे खाली. "बाबा बोलतो, गिलावा पडायच्या आधी बारीक भुगा पडतो. तो बाकावर पडतो ना! मग मी बाकाकडे बघते. बाकाकडे बघायला नियम नाय."

आईने तवा उतरवला आणि माझ्याकडे वळली. "मॅडम, चार झालेत. पाचवा नको लागायला. तेवढं बघा."

मी म्हटलं, बघते. दुसऱ्या दिवशी मी छताचीच बातमी दिली. न बघता, बाळूच्या तोंडून, बाळूच्या नावानिशी. ती छापायला चार दिवस गेले. पेपरात जागा नव्हती.

*

त्याच चार दिवसांतला गुरुवार, मधली सुट्टी संपून गेलेली, नऊ वाजून अडतीस मिनिटं. तिसरी ब. शिंदेबाई फळ्यावर भागाकार लिहीत होत्या. पाठ वर्गाकडे. मुलं उतरवून घेत होती.

रोशनीच्या वहीवर भुगा पडला. तिने फुंकला. पुन्हा पडला. मग वर कट्ट असा आवाज झाला. फळ्यावर खडू चालू होता, तो शिंदेबाईंना ऐकू गेला नाही.

रोशनी परवानगीशिवाय जागेवरून उठली. परवानगीशिवाय बोलली. बोलली म्हणजे ओरडली, "पळा! बाहेर पळा!"

तीन महिने त्या वर्गात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. पोरं ऐकण्यात इतकी तयार झालेली की कोण सांगतंय हेही कुणी बघितलं नाही. चाळीसच्या चाळीस उठली आणि दारातून बाहेर. शिंदेबाई वळल्या तेव्हा वर्ग रिकामा. खडू हातात घेऊन त्या मागे धावल्या. "अरे, कुणी सांगितलं? कुणी सांगितलं पळायला?"

व्हरांड्यात पोचल्यावर पोरांनी सवयीने रांग केली. हाताची घडी. तोंडावर बोट.

तेव्हा छत खाली आलं.

तिसऱ्या रांगेतला दुसरा बाक मोडला, पहिला मोडला, चौथ्या रांगेतले दोन मोडले. दारातून धूळ बाहेर आली आणि रांगेतली पोरं पांढरी झाली. वर नुसत्या गंजलेल्या सळया दिसत होत्या. एकाही पोराला खरचटलं नाही. मामा धावत आले आणि एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजायला लागले. दोनदा मोजलं. दोन्ही वेळा चाळीस.

मोठ्या बाई आल्या. त्यांनी आधी वर्गात डोकावलं, मग रांगेकडे बघितलं. तोंडातून पहिला शब्द निघाला तो हा : "वर्ग सोडायला परवानगी कुणी दिली?"

रोशनीने तोंडावरचं बोट काढलं आणि हात वर केला.

मी तासाभरात पोचले. रजिस्टर ऑफिसच्या टेबलावर उघडं होतं. त्या पानाचा फोटो माझ्याकडे आहे. वेळ : नऊ चाळीस. नाव : रोशनीचं. खाते : तिसरी ब. शिफ्ट : पहिली. झडतीत काय सापडले : काही नाही. शेरा : परवानगीशिवाय वर्ग सोडला. इतर एकोणचाळीस विद्यार्थ्यांना सोडावयास लावला.

पाचवा.

छत पडल्याची नोंद त्या पानावर नाही. पुढच्याही पानावर नाही.

नियमाप्रमाणे दाखला तयार झाला. बाळूने तो घेतला नाही. "माझी पोरगी शाळा सोडत नाय. दाखला तुमच्याकडंच ठेवा," एवढं बोलून तो कामावर गेला. तेव्हापासून तो रोज सात वाजता पोरीला गेटवर आणून सोडतो. मामा गेट उघडतात. तिसरी ब आता व्हरांड्यात बसते, रोशनीही बसते. हजेरीत तिचं नाव पुकारलं जात नाही, पण रोज ती "हजर" म्हणते. दर सोमवारी सात दहाला मीही गेटवर असते. आणि शेरा खोडला जात नाही तोवर असणार आहे.

शेरा खोडायला सचिवसाहेबांची हरकत नाही, असं त्यांनी मला लिहून दिलंय. मोठ्या बाईंचीही नाही. फक्त नियम क्रमांक एकोणीस आहे. ज्याने नोंद केली, त्यानेच ती खोडावी.

शिंदेबाई म्हणतात, अक्षर माझं नाही. मोठ्या बाई म्हणतात, माझं नाही. सचिवसाहेब म्हणतात, मी त्या दिवशी बदलापुरात होतो. मामांना लिहिता येत नाही. सहीच्या रकान्यात सही आहे, ती कुणालाच वाचता येत नाही.

नऊ चाळीसला, छत पडल्यावर दोन मिनिटांत, ते रजिस्टर उघडून ती नोंद केली कुणी? हे मी तीनदा लेखी विचारलंय.